माशाचा चारा विकायचाय? मग फ्लेवरची बाटली आधी बाजूला ठेवा



घरगुती उद्योगांच्या व्हिडिओंखाली सध्या एक प्रश्न सारखा येतोय. "सर, रोहू-कटल्याच्या चाऱ्याला कुठला फ्लेवर टाकू? घरी बनवून विकायचा विचार आहे." कोणी व्हॅनिला म्हणतं, कोणी स्ट्रॉबेरी, कोणी म्हणतं लसूण. एकाने तर बारा फ्लेवरची यादीच पाठवली आणि विचारलं, पाकिटं कुठल्या रंगाची छापू?

माझं मत सरळ सांगतो. चाऱ्याच्या धंद्यात फ्लेवर हा सर्वात शेवटी घ्यायचा निर्णय आहे, आणि बहुतेक जण तोच पहिला घेतात. फ्लेवरच्या जिवावर पहिलं पाकीट खपतं. दुसरं पाकीट खपतं ते पिठाच्या जिवावर. आणि धंदा दुसऱ्या पाकिटापासून सुरू होतो.

हा विषय मला जवळचा आहे, कारण आपल्या निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात गोडं पाणी पावलापावलावर आहे. तळी आहेत, वाडीला पाणी द्यायला खणलेली बावखलं आहेत. रविवारी सकाळी गरी घेऊन काठावर बसणारी माणसं आहेत. म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण गिऱ्हाईक आहे म्हणून धंदा आहेच, असं नसतं. मधलं गणित करावं लागतं. ते आज करू.

आधी मासा ओळखा

आपल्याकडे गोड्या पाण्यात गळाला लागणारे कार्प म्हणजे मुख्यतः कटला, रोहू, मृगळ आणि ज्याला सगळे सायप्रिनस म्हणतात तो कॉमन कार्प. चौघांना एकच चारा चालेल असं समजू नका. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. तुमचा गोळा दगडासारखा तळाला जाऊन बसला तर कटल्याला त्याचा काय उपयोग? म्हणून गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला प्रश्न "कुठला फ्लेवर देऊ" हा नको. "कुठल्या पाण्यात बसता आणि काय लागतं तिथे?" हा हवा.

दुसरी गोष्ट. या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. मासा खाणं तोंडात ओढून घेतो, चव बघतो, नको असेल तर थुंकून टाकतो. सायप्रिनसच्या तोंडाजवळच्या मिशांवर आणि ओठांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. म्हणजे तो गोळा गिळायच्या आधीच चाखतो. लांबून येणाऱ्या वासाने मासा जवळ येईल, पण तोंडात घेतल्यावर तो ठेवायचा की नाही हे चवीवर ठरतं. हे वाक्य लिहून ठेवा, कारण सगळा धंदा इथेच आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. जे पाण्यात विरघळतं तेच पाण्यातून माशापर्यंत पोचतं. गूळ, मीठ, आंबवलेल्या पेंडीचं पाणी हे लगेच पसरतं. तेल वर तरंगत जातं. म्हणून नुसतं तूप-तेल ओतून चारा "पावरफुल" होत नाही.

पीठ म्हणजे पाया

एक साधा कोरडा चारा सांगतो. एक किलोचं माप आहे:

- भाजून दळलेली शेंगदाणा पेंड: 400 ग्रॅम
- तांदळाचा कोंडा: 250 ग्रॅम
- गव्हाची कणीक: 200 ग्रॅम
- भाजलेलं बेसन: 100 ग्रॅम
- गूळ पावडर: 30 ग्रॅम
- मेथी आणि बडीशेप, भाजून केलेली पूड: 20 ग्रॅम

प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पेंड म्हणजे खाणं आणि चव. कोंडा हलका, तो पाण्यात फुटून पसरतो आणि मासा गोळा करतो. कणीक धरून ठेवते. बेसन चवही देतं आणि चिकटपणाही. गूळ विरघळतो. मेथी-बडीशेप म्हणजे तुमचा फ्लेवर. किलोभर चाऱ्यात त्याचा वाटा वीस ग्रॅम. आणि आपण चर्चा मात्र त्या वीस ग्रॅमचीच करतो.

आता गिऱ्हाइकाला दोन वेगळ्या वस्तू लागतात हे समजून घ्या. एक, पाण्यात टाकायचा चारा, जो लवकर फुटला पाहिजे. दोन, गळाला लावायचा गोळा, जो टिकला पाहिजे. वरचं पीठ पहिल्या कामाला चालतं. दुसऱ्या कामासाठी कोंडा कमी करा, कणीक वाढवा, आणि घट्ट मळा. दोन्हीसाठी एकच पाकीट विकलंत तर अर्ध्या गिऱ्हाइकांची तक्रार ठरलेली.

घरच्या घरी तपासायची सोपी पद्धत आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, लिंबाएवढा गोळा टाका आणि घड्याळ लावा. टाकायचा चारा दोन-तीन मिनिटांत फुटायला लागला पाहिजे. गळाचा गोळा पंधरा-वीस मिनिटं तरी आकार धरून राहिला पाहिजे. प्रत्येक घाण्यानंतर ही चाचणी करा. कणीक बदलली, गिरणी बदलली, पावसाळी हवा आली की निकाल बदलतो. गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं.

फ्लेवर: कमी, मोजून आणि थंड झाल्यावर

फ्लेवरला माझा विरोध नाही. आंधळ्या फ्लेवरला आहे. काही नियम पाळा.

एक, इसेन्स गरम पिठात टाकू नका. वास उडून जातो आणि पैसेही. भाजलेलं पीठ पूर्ण गार होऊ द्या.

दोन, अंदाजाने ओतू नका. मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा आणि मिलीलिटरमध्ये मोजा. बाटलीवर जे प्रमाण दिलंय त्याच्या खालच्या टोकापासून सुरू करा. आपल्या नाकाला जे "मस्त" वाटतं ते माशाच्या तोंडात कडू लागू शकतं. इसेन्स जास्त झाला की मासा गोळा तोंडात घेतो आणि सोडून देतो.

तीन, स्वयंपाकघरातलं आधी वापरा. मेथी, बडीशेप, लसूण, हिंग, वेलची, गूळ, जास्त पिकलेलं केळं. बंगालमध्ये गळाची मासेमारी हा मोठा शौक आहे. तिथल्या चाऱ्यात मोहरीची पेंड, मेथी, वेखंड अशा वस्तू असतात. सगळ्या किराणा किंवा काष्टौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या. आपली तर वसई, केळ्यांचा मुलूख. गिऱ्हाइकाने टाकलेली काळी पडलेली केळी तुम्हाला फुकट मिळतील. फक्त ताजं केळं घातलेला चारा त्याच दिवशी विका, पाकिटात भरू नका. आणि कोणी उत्साहाने सुकेळी घालायला निघालं असेल तर थांबा. ती माणसांना विका, भाव चांगला मिळतो.

चार, पेंड आंबवणं हा सर्वात स्वस्त फ्लेवर आहे. आदल्या रात्री भिजवलेली पेंड सकाळी आंबूस झालेली असते. हे पाकिटात भरता येत नाही, पण पाकिटावर "रात्रभर भिजवा" एवढं छापता येतं. सूचना छापायला खर्च नाही, आणि गिऱ्हाइकाला निकाल मिळतो.

आता जगात काय झालं तेही बघा. इंग्लंडमध्ये कार्प धरणाऱ्यांना एक अडचण होती. मऊ गोळा लहान मासे टोचून संपवायचे, मोठ्या कार्पपर्यंत तो पोचायचाच नाही. आपल्याकडे तिलापियाची पोरं हेच करतात. तिथे पीठ अंड्यात मळून, गोळ्या करून, उकळत्या पाण्यातून काढायला सुरुवात झाली. बाहेरून कडक साल तयार होते, लहान माशांना ती फुटत नाही. यालाच बॉयली म्हणतात. साधारण अर्धा किलो पिठाला पाच-सहा अंडी आणि दोन मिनिटं उकळणं, एवढीच कृती. याच काळात फ्रेड विल्टन नावाच्या माणसाने मांडलं की मासा पौष्टिक खाणं ओळखतो आणि त्याच्याकडे परत येतो, म्हणून वासापेक्षा पिठातल्या प्रथिनांकडे लक्ष द्या. आज तिथे या गोळ्यांचा मोठा बाजार आहे. मूळ शोध कोणी लावला? काठावर बसून अडचण बघणाऱ्यांनी. अडचण गोळा टिकत नाही ही होती, वास कमी पडतो ही नव्हती.

आता पैशांचं बोलू

इथे बहुतेक व्हिडिओ थांबतात, म्हणून इथे आपण जास्त वेळ घालवू. खालचे भाव उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या बाजारातले टाका, पण रकाने हेच ठेवा.

समजा वरच्या एक किलोला कच्चा माल 60 रुपये पडला. भाजणं, दळणं, गॅस मिळून 10. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या आणि लेबल, 8 रुपयांप्रमाणे 16. झाले 86. आता तुमची मजुरी. दहा किलो माल भाजून, दळून, भरून, सील करायला पाच तास लागले आणि तासाचे 80 रुपये धरले, तर किलोला 40. एकूण 126. म्हणजे अर्ध्या किलोचं एक पाकीट 63 रुपयांना पडलं.

एमआरपी ठेवली 100. दुकानदार 25 टक्के घेतो. तुमच्या हातात 75. "पाकिटामागे 12 रुपये सुटले!" असं म्हणून थांबू नका. दहा किलोची वीस पाकिटं झाली. त्यातली दोन ओली झाली, फाटली किंवा परत आली असं धरा. विकली गेली अठरा. अठरा गुणिले 75 म्हणजे 1350. वीस पाकिटांचा खर्च 1260. हातात राहिले 90 रुपये. त्यातून स्कूटरचं पेट्रोल काढा. काय उरलं?

तीच अठरा पाकिटं स्वतः 100 ला विकली तर 1800 येतात, खर्च जाऊन 540 उरतात. मजुरी आधीच धरली आहे, म्हणून हा खरा नफा.

यातून माझा निष्कर्ष असा: ज्यांचं आधीच किराणा, पशुखाद्य, हार्डवेअर किंवा गळ-दोऱ्याचं दुकान आहे, त्यांच्यासाठी चारा ही चांगली जोडवस्तू आहे. बचत गटाने ऑर्डर घेऊन, रोख घेऊन बनवला तरी चालेल. पण फक्त चारा बनवून दुकानादुकानांत ठेवायचा आणि त्यावर घर चालवायचं, हे मी आज तरी कोणाला सुचवणार नाही. शिशु मुद्रा कर्ज 50 हजारांपर्यंत मिळतं हे खरं. मिळतं म्हणून घ्यायचं नसतं. पहिले शंभर पाकीट घरच्या मिक्सरवर आणि गावच्या गिरणीवर होतात. पेलेट मशीन त्यानंतर, आणि तेही जुनं गिऱ्हाईक परत येतंय हे वहीत दिसल्यावर.

आणि फ्लेवरचा इथे काय संबंध? बारा फ्लेवर म्हणजे बारा लेबलं, बारा बाटल्या, बारा प्रकारचा अडकलेला माल. त्यातले दोन खपतात, दहा खवट होतात. दोन ठेवा. एक मेथी-बडीशेप, एक लसूण. रिकामा तिसरा खण बघून गिऱ्हाईक काही मागेल, तेव्हा तिसरा आणा.

तुम्ही म्हणाल, "पण सर, काउंटरवर पाकीट उचललं जातं ते फ्लेवरचं नाव बघूनच ना?" बरोबर आहे. गिऱ्हाईक माणूस आहे, त्याला नाव लागतं, रंग लागतो. ते द्या. पण खर्चाचा क्रम लक्षात ठेवा. आधी चांगली पेंड, मग चांगली पिशवी, मग नाव.

खवट माल आणि ओली हवा

आपली हवा समुद्राची. पावसाळ्यात पापड नरम पडतो तिथे पेंडीचं काय होणार? घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहतं, चव छान असते, पण ती लवकर खवट होते. शिवाय ओल लागलेल्या शेंगदाणा पेंडीवर बुरशी येते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते माशालाही घातक आणि जनावरालाही. म्हणून हिरवट-काळा ठिपका दिसला की पोतं परत. "माशालाच तर घालायचंय" हा विचार धंदा बुडवतो.

पेंड मंद आचेवर कोरडी होईपर्यंत भाजा, गार झाल्यावरच भरा, जाड पिशवी वापरा आणि बनवल्याचा महिना छापा. पावसाळ्यात कमी माल काढा.

महिना छापणं ही तुमची मर्जी नाही, तो नियम आहे. बंद पाकीट विकलं की 2011 चे वैधमापन नियम लागू होतात: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क. वजनकाटाही शिक्का मारलेला हवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मालाच्या व्यापारात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत. आधी सीएला विचारा.

पाणी कोणाचं, मासा कोणाचा?

हा भाग कृपया वगळू नका. माझ्या दृष्टीने हाच सर्वात महत्त्वाचा आहे.

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या तळ्यात आपोआप पिल्लं घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून देशभर बीज तयार व्हायला लागलं. म्हणून तो दिवस मत्स्यशेतकरी दिन आहे. याचा अर्थ काय? आपल्या तळ्यात, बावखलात जो रोहू फिरतोय तो बहुतेक वेळा कोणीतरी पैसे देऊन सोडलेला आहे. वाडीवाल्याने, मच्छीमार संस्थेने, ठेकेदाराने. तो मोकळा माल नाही.

म्हणून पाकिटाच्या मागे एक ओळ छापा: "तळ्याच्या मालकाची परवानगी घेऊनच मासेमारी करा." पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारखा जुना क्लब आहे, तिथे सभासदत्व आणि नियम असतात. आपल्याकडे क्लब नसेल, पण मालक असतो. त्याला विचारायला काय जातं?

आणि निर्मळचं तळं. शंकराचार्यांच्या समाधिमंदिराजवळचं, लोकांच्या श्रद्धेचं तीर्थ. कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेला इथे प्रचंड गर्दी होते. काही जण म्हणतात, यात्रेत चाऱ्याचा स्टॉल टाकू. माझं उत्तर नाही. एक तर गर्दी म्हणजे बाजार नव्हे. ती माणसं दर्शनाला, खरेदीला, पाहुण्यांकडे आलेली असतात, गळ टाकायला नाही. आणि दुसरं, तीर्थाच्या पाण्यात पेंडीचे गोळे टाकायचं मार्केटिंग आपण करायचं नाही.

यात शास्त्रही आहे. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. उन्हाळ्यात पाणी कमी, गरम, त्यात पहाटे प्राणवायू सर्वात कमी. अशा वेळी लहान बावखलात पाच किलो चारा ओतला तर सकाळी मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतील. वाडीवाल्याचं वर्षभराचं नुकसान तुमच्या पाकिटाने होईल. बावखलं आधीच बुजत चालली आहेत. उरलेली जपणाऱ्या माणसाला "मासे ठेवून उपयोग नाही" असं वाटलं तर उद्या तिथे भराव पडेल. मग चारा विकायचा कुठे? म्हणून मी म्हणेन, छोट्या पाण्यासाठी 100 ग्रॅमचं पाकीट काढा आणि "थोडा टाका" असं ठळक छापा. कमी वापरा असं सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावत नाही, विश्वास कमावतो.

दावा नको, वही ठेवा

"शंभर टक्के मासा लागणारच" असं पाकिटावर लिहू नका. मासा कोणाच्या बापाचं ऐकत नाही. हवा, पाणी, वेळ, नशीब सगळं आड येतं. त्याऐवजी पुरावा गोळा करा. दोन गळ, एकच जागा, एकच माप. एकावर साधा गोळा, दुसऱ्यावर फ्लेवरचा. तासाभराने जागा अदलाबदल. एका वेळी एकच गोष्ट बदला. दहा वेळा बसा आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, पाणी, काय लागलं ते वहीत लिहा. काही लागलं नाही तर तेही लिहा. ही वही झाली की दुकानात गिऱ्हाइकाशी तुम्ही ज्या खात्रीने बोलाल, ती कुठल्याही इसेन्सच्या बाटलीत मिळत नाही.

म्हणूनच "सिक्रेट फॉर्म्युला" विकणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका. फॉर्म्युला मी वर फुकट दिलाय. तो चोरीला जाण्यासारखा नाहीच मुळी. प्रत्येक घाण्याला तोच भाजणा, तीच पेंड, तेच वजन, हे सांभाळणं अवघड आहे, आणि जो सांभाळेल त्याचं नाव होईल.

या आठवड्याचं काम: एक किलो चारा बनवा, ग्लासची चाचणी करा, आणि विकायच्या आधी ओळखीच्या पाच गरीवाल्यांना 100-100 ग्रॅम द्या. पैसे घेऊ नका, फक्त एक प्रश्न विचारा: "पुढच्या रविवारी विकत घ्याल का?" पाचातले तीन हो म्हणाले तर लेबल छापायला टाका. नाही म्हणाले तर फ्लेवर बदलू नका, पीठ बदला.

तुमच्या वहीत काय निघालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.